खालचा कप्पा

बाहुबलीनं कोल्ड स्टोरेजमधनं
बेदाण्याची तीस खोकी आणली.
रिकामी, पण तळाशी एखादा दाणा चिकटलेला.
सन्मती तो नखानं उकरून खाते,
विचारते, ह्यात काय भरायचं?
मी म्हणते, घर.

भरायला तसं फार लागत नाही.
एकोणीस सालापासून
हे घर अर्धं बांधलेलंच आहे.
पांघरुणं माळ्यावर,
तांदळाचा डबा फ्रिजवर, फ्रिज चार विटांवर,
आणि बाहेरच्या खोलीत खिळ्याला,
डोक्याच्या वर हातभर,
प्लॅस्टिकची पिशवी:
रेशनकार्ड, घराचा उतारा,
आण्णांच्या बायपासची फाईल,
माझं डी.एड.चं मार्कलिस्ट,
टक्क्यांवर अजून नदीचा अंगठा.

आण्णांना तयार करणं तेवढं अवघड गेलं.
रोज संध्याकाळी सायकलनं ते आयर्विनवर जातात,
मे महिन्यातसुद्धा,
पात्रात म्हशी बसलेल्या असतात तेव्हाही,
आणि येऊन दारातच सांगतात,
सात फूट.
कुणी विचारलेलं नसतं.
विश्रामबागेतनं पूल लांब पडेल हो, मी म्हणाले.
ते गप्प जेवले.
दुसऱ्या दिवशी सायकलला
नवीन ट्यूब टाकून आणली.

पाटा-वरवंटा शमीमभाभींना दिला.
लिफ्टला सोसायचा नाही, असं मी कारण सांगितलं.
त्या वरवंटा कडेवर घेतल्यासारखा धरून म्हणाल्या,
दोन पुरांत हा पाटा जागचा हलला नाही,
माझा मिक्सर मात्र थेट हरिपूरला गेला.
हसलो.
मग जाता जाता, उंबऱ्यात, पाठमोऱ्याच,
तिसरा मजला ना गं तुमचा?
ऑगस्टमध्ये आमची एक पेटी ठेवशील?
मी म्हणाले, पेटी कशाला, तुम्हीच या.
म्हणाले खरं,
पण किती जण, ते मनातल्या मनात मोजलं
आणि मोजलं याची लाज वाटली.

भिंतीवर तीन रेघा आहेत.
दर दिवाळीला रंग देतो, संक्रांतीपर्यंत त्या वर येतात.
पाचची, तिच्यावर एकवीसची, सगळ्यात वर एकोणीसची.
सन्मती पाठ टेकून उभी राहते,
डोक्यावर फूटपट्टी आडवी धरते.
आई, मी एकवीस ओलांडलं.
एकोणीसला अजून चार बोटं कमी.
तिथं कुठं मोजायचं?
तिथं रेघ नाही, मी म्हणते.
मग तिथं पाणी कसं येतं?
मोटरनं.
हे तिला पटत नाही.

काल किल्ली मिळाली.
आधी केरसुणी, मीठ आणि तांब्याभर पाणी,
बाकीचं रविवारी छोट्या हत्तीतनं.
स्वयंपाकघरातले कप्पे पार फरशीपर्यंत आलेत,
पांढरे, गुळगुळीत, नव्या सनमायकाच्या वासाचे.
मिठाची बरणी हातात,
आणि हात आपोआप वर निघाला.
बाहुबली म्हणाला, अगं, खाली ठेव की,
वाण्याच्या दुकानागत सगळं वर कशाला?

खाली.
लग्नाला चौदा वर्षं झाली,
मी खाली कधी काही ठेवलंच नव्हतं.
नुसत्या वस्तूच नाही,
पण ते आता कुठं काढत बसू.
वाकले. बरणी ठेवली. दार लावलं.
पुन्हा उघडून बघितलं.
कोरडी.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत ठक ठक.
जाऊन पाहते तर आण्णा स्टुलावर,
एक खिळा भिंतीत, एक ओठांत धरलेला,
डोक्याच्या वर हातभर.
नव्या रंगाचा पोपडा फरशीवर पडलेला.
बाहुबलीनं माझ्याकडे बघितलं,
मी खिडकीबाहेर.
तिथनं नदी दिसत नाही,
मिरजेकडं जाणाऱ्या बसचे लाल टप तेवढे दिसतात.

सन्मतीनं खोक्यातनं पिशवी काढली,
चवड्यांवर उभी राहून आजोबांच्या हातात दिली.
पिशवीवर एक बेदाणा चिकटलेला होता.
तो कुणी काढला नाही.